बुरशीचं औषध शरीरात नेमकं पोचतं कुठे? (अँफोटेरिसिन, लायपोसोम आणि नखाच्या गोळ्या)

कुपी_मात्रा

एकच औषध, एकच डोस: वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम. लायपोसोमल स्वरूपात दिलं तर रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते. लिपिड कॉम्प्लेक्स स्वरूपात दिलं तर ती २ मायक्रोग्रॅमपर्यंतही चढत नाही. खोक्यावर दोन्हीकडे नाव तेच, अँफोटेरिसिन बी. मग दुसऱ्या पेशंटचं औषध गेलं कुठे? आणि पहिल्याच्या रक्तात एवढं औषध असूनही त्याची किडनी कशी टिकते?

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) पेशंटचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "मॅडम, लायपोसोमल कुठेच नाहीये, साधं मिळतंय, चालेल का?" त्या गर्दीत दोन वाक्यांपलीकडे बोलायला कुणालाच सवड नव्हती. त्या प्रश्नाचं नीट उत्तर एका जागी असावं म्हणून हा धागा.

मूळ अडचण औषधाच्या स्वभावात आहे. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या जिवाणूपासून १९५० च्या दशकात अँफोटेरिसिन मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, त्याला धरून हे औषध आवरण निकामी करतं. पण ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून घेतलं तर जवळजवळ शोषलंच जात नाही. म्हणजे शिरेतूनच द्यायचं, आणि त्यासाठी ते पाण्यात धरून ठेवणारं काहीतरी हवं. सुरुवातीला डीऑक्सिकोलेट हा पित्तातला क्षार त्या कामाला लावला. ५० मिलिग्रॅमच्या वायलमधली पिवळी पावडर ती हीच, आपण जिला 'साधं अँफो' म्हणतो.

साधं अँफो रक्तात शिरलं की डीऑक्सिकोलेटपासून सुटतं, रक्तातल्या लायपोप्रोटीनना चिकटतं आणि ऊतींत पसरतं. सगळ्यात जास्त यकृतात, शिवाय प्लीहा, फुप्फुसं आणि मूत्रपिंडांत. एकदा आत गेलं की निघायला फार वेळ घेतं. शेवटच्या टप्प्यातलं अर्धायुष्य सुमारे १५ दिवसांचं आहे. मूत्रपिंडात ते दोन ठिकाणी त्रास देतं. गाळणीकडे रक्त नेणारी बारीक धमनी आवळते, आणि नलिकांच्या पेशींच्या आवरणालाही गळती लागते, कारण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल रचनेने अर्गोस्टेरॉलच्या जवळचं आहे. क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची रक्तातली खूण) चढतं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. बुरशी आटोक्यात येत असताना किडनीपायी औषध थांबवावं लागलेले पेशंट अनेक डॉक्टरांनी पाहिलेत.

लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलच्या दुहेरी थराचा सूक्ष्म गोल, व्यास साधारण ८० नॅनोमीटर, आणि औषध त्या थरातच रुतवलेलं. तो इतका लहान आणि घट्ट असतो की यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला लगेच उचलत नाहीत. तो रक्तात फिरत राहतो. ते ८० मायक्रोग्रॅम म्हणजे बहुतेक सगळं गोलांत बंद असलेलं औषध; मोकळं फार थोडं. गोल मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाहीत, म्हणून तिथे इजा कमी. जिथे संसर्गामुळे रक्तवाहिन्या पाझरत असतात तिथे मात्र ते बाहेर पडतात, बुरशीच्या भिंतीला लागतात आणि औषध तिथे सुटतं.

लिपिड कॉम्प्लेक्सची गोष्ट उलटी. त्याचे तुकडे फितीसारखे, काही मायक्रोमीटर लांबीचे. रक्तात येताच भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि औषध यकृत, प्लीहा व फुप्फुसांत साठतं. रक्तात पातळी दिसत नाही कारण औषध ऊतींत गेलेलं असतं. फार्माकॉलॉजीत याचा एक आकडा असतो, 'वितरण आकारमान'. लिपिड कॉम्प्लेक्ससाठी तो दर किलोला १३१ लिटर, तर लायपोसोमलसाठी एक लिटरपेक्षाही कमी. माणसात एवढं पाणी अर्थातच नसतं. हा आकडा एवढंच सांगतो की औषध रक्त सोडून किती मोठ्या प्रमाणात ऊतींत गेलंय.

म्हणून रक्ताची पातळी पाहून "हे भारी, ते हलकं" असं ठरवता येत नाही. बुरशी कुठे बसलीय आणि या स्वरूपातलं औषध तिथे जातं का, हे पाहावं लागतं. मेंदूचंच घ्या. पाठीच्या पाण्यात अँफोची पातळी कुठल्याही स्वरूपात नगण्यच असते. पण मेंदूचा संसर्ग असलेल्या सशांवरच्या प्रयोगात मेंदूच्या ऊतीत सगळ्यात जास्त औषध लायपोसोमलचं मिळालं. म्युकर डोळ्यामागून मेंदूकडे सरकला की डॉक्टर लायपोसोमलसाठी अडून बसायचे, त्यामागे हे कारण होतं.

इथे वॉर्डात काम करणारे, ऑपरेशन करणारे, त्वचेचे डॉक्टर आहेत. आपापल्या बाजूने भर घाला.

विदर्भवासी

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या वडिलांना २०२१ च्या मे महिन्यात नागपुरात म्युकर झाला. सुरुवातीला लायपोसोमल मिळालं, मग ते संपलं आणि इमल्शन सुरू केलं, मधे साधंही द्यावं लागलं. साध्याच्या ड्रिपला थंडी वाजून अंग थाडथाड उडायचं, आणि त्याच आठवड्यात क्रिएटिनिन वाढलं. त्याच सुमारास वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने इमल्शनचं उत्पादन सुरू केल्याची बातमी आली, तेव्हा आम्हाला केवढा धीर आला होता! वडील आज बरे आहेत, एक डोळा गेला. पण एक गोष्ट मनातून जात नाही. डोस. लायपोसोमलच्या रोज सहा वायल लागायच्या आणि साध्याची एकच. आम्हाला वाटायचं औषध कमी पडतंय. खरंच कमी पडत होतं का?

कुपी_मात्रा

विदर्भवासी, नाही, डोस बरोबर होता. साध्याचा डोस किलोला साधारण १ मिलिग्रॅम, आणि दिवसाला दीडच्या वर जायचंच नाही. लायपोसोमलचा म्युकरमध्ये ५ ते १०. वडिलांचं वजन साठ किलोच्या आसपास असेल तर हिशोब जुळतो. गोलात बंद औषध हळूहळू सुटतं म्हणून त्याचा डोस मोठा चालतो. तोच ५ चा डोस चुकून साध्याचा दिला गेला तर हृदय बंद पडू शकतं. अशी प्रकरणं जगभर नोंदली गेलीत. म्हणून आमच्या फार्मसीत साध्याची आणि लायपोसोमलची वायल एका कप्प्यात ठेवत नाही आणि चिठ्ठीवर नुसतं 'अँफो' लिहून आलं तर ती परत पाठवतो. ही सवय प्रत्येक फार्मसीत असायला हवी, याबद्दल मी आग्रही आहे.

इमल्शनमध्ये औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांबरोबर दिलं जातं. किडनीला ते साध्यापेक्षा सोसतं. कारखान्यात तयार झालेलं इमल्शन वेगळं आणि वॉर्डात साधं अँफो शिरेतून द्यायच्या फॅट इमल्शनमध्ये मिसळणं वेगळं. पूर्वी काही ठिकाणी तसं करायचे. ते मिश्रण स्थिर राहत नाही, औषध खाली बसतं.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. वॉर्डातली बाजू सांगते, कारण औषधाचं स्वरूप कंपनीत कितीही नीट केलेलं असो, ते बिघडवणं आमच्या हातात असतं.

अँफो कुठलंही असो, सलाईनमध्ये घालायचं नाही. मिठाच्या पाण्यात ते फाटतं, गढूळ होतं. फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोज. आधीची लाइन सलाईनची असेल तर ती डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची, मगच अँफो जोडायचं. लायपोसोमलच्या ५० मिलिग्रॅमच्या वायलमध्ये १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून लगेच अर्धा मिनिट जोरात हलवायचं. तिथे हात हळू चालला तर गुठळ्या राहतात. मग पिवळसर, दुधाळ द्रव होतो, तो ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून डेक्स्ट्रोजच्या बाटलीत सोडायचा. हा फिल्टर खोक्यात सोबत येतो आणि घाईत तो कचऱ्यात जाताना मी पाहिलाय. नातेवाइकांनी खोकं उघडून फक्त वायल आणून देऊ नये, खोकं तसंच्या तसं सिस्टरच्या हातात द्यावं.

साधं अँफो चार ते सहा तास चालवायचं. त्याच्या आधी वेगळ्या बाटलीतून अर्धा ते एक लिटर सलाईन देतात, ते किडनीसाठी. पेशंटच्या हृदयाला तेवढं पाणी झेपत असेल तरच. विदर्भवासी म्हणतात ती थंडी पहिल्या एक ते तीन तासांत येते. पुढच्या डोसांना सहसा कमी होत जाते. पोटॅशियमचा रिपोर्ट आला का, हे रोज विचारणाऱ्या नातेवाइकाचा मला कधी राग आला नाही.

डॉ_कर्णिका

मी कान-नाक-घसा विभागात आहे. कुपी_मात्रा यांच्या लेखात एक गोष्ट जोडलीच पाहिजे: म्युकरमध्ये रक्तातून दिलेलं कुठलंही औषध एका जागी पोचतच नाही, आणि ती म्हणजे मेलेली ऊती.

म्युकर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसतो, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो. टाळूवर किंवा नाकात दिसणारा काळा भाग म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला भाग. बुरशी त्यात जिवंत असते. औषध रक्तातून येणार आणि रक्त तिथे जात नाही, मग लायपोसोमल असो की आणखी काही, उपयोग शून्य. म्हणून सायनस उघडून काळी ऊती रक्त दिसेपर्यंत काढावी लागते. कडेला ताजं रक्त आलं की समजतं, इथपर्यंत आता औषध येईल. "इंजेक्शन चालू आहे ना, मग ऑपरेशन कशाला?" हा प्रश्न २०२१ मध्ये रोज यायचा. त्याचं उत्तर हेच. शिवाय साखर आटोक्यात आणायची आणि स्टेरॉइड कमी करायचं, नाहीतर औषध पोचूनही लढाई अर्धवट राहते.

काही निवडक पेशंटमध्ये डोळ्यामागच्या पोकळीत सुईने थेट अँफो दिलं जातं. तत्त्व तेच, रक्तवाट बंद तर जवळून पोचवा. नाहीतर काही वेळा अख्खा डोळा काढायची वेळ येते.

परळकर

औषधवहन हा माझा संशोधनाचा विषय. लायपोसोमल अँफो म्हटलं की सगळ्यांना परदेशी ब्रँड आठवतो, पण यात मुंबईचं मोठं काम आहे. परळच्या केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्लीचे डॉ. बी. के. बच्छावत यांच्या प्रयत्नांतून भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिन तयार झालं, ते पुढे 'फंगीसोम' नावाने बाजारात आलं. त्याचा एक विशेष म्हणजे ते पावडर नसून तयार द्रव आहे आणि देण्याआधी वायल पाऊण तास सोनिकेटरमध्ये ठेवावी लागते. ध्वनिलहरींनी मोठे गोल फुटून लहान होतात. आकार हाच इथे सगळा खेळ आहे. गोल मोठे राहिले तर भक्षक पेशी ते आधी उचलतील आणि औषधाचा शरीरातला प्रवासच बदलेल.

आणि भक्षक पेशींनी उचलणं काही वेळा हवंच असतं. काळा आजार, म्हणजे कालाजार, हा बुरशीचा रोग नाही, पण त्याचा परजीवी यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या आतच राहतो. लायपोसोम शेवटी त्याच पेशींत जातात. म्हणून बिहारमध्ये किलोला १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरा पडतो हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं आणि पुढे तो राष्ट्रीय कार्यक्रमात आला. एका रोगात जो औषधाचा अपव्यय, दुसऱ्यात तोच अचूक नेम.

सातासमुद्रापार

परळकर, +१. मी ब्रिटनमध्ये संसर्गरोगांच्या विभागात आहे. एका डोसचीच आणखी एक गोष्ट. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर आफ्रिकेत फार जीव घेतो. तिथे आठवडाभर रोज साधं अँफो द्यायचं म्हणजे रोज रक्त तपासणी, किडनीची काळजी, खाटा. बोत्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये झालेल्या 'अँबिशन' चाचणीत लायपोसोमलचा किलोला १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, असं दिलं. मृत्यूचं प्रमाण रोजच्या साध्या अँफोपेक्षा वाईट नव्हतं आणि दुष्परिणाम कमी होते. निकाल २०२२ मध्ये आला आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत शिफारशीत घेतली. मोठा डोस मेंदूच्या ऊतीत शिरून दिवसेंदिवस टिकतो, हाच त्यामागचा विचार होता.

फ्लुकोनॅझोल याच्या नेमकं उलट. लहान रेणू, पाण्यात विरघळणारा, प्रथिनांना जेमतेम ११-१२ टक्के चिकटणारा. पाठीच्या पाण्यात रक्ताच्या ७०-८० टक्के पातळी सहज मिळते आणि सुमारे ८० टक्के औषध लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून मूत्रमार्गातल्या कँडिडा बुरशीला ते चालतं. कॅस्पोफंजिनच्या कुळातली औषधं रक्तातल्या कँडिडावर उत्तम, पण लघवीत, डोळ्यात, मेंदूत पोचत नाहीत म्हटलं तरी चालेल. लॅबच्या कागदावर 'सेन्सिटिव्ह' आलं तरी जागा बघावीच लागते.

शिरोळकर

आमच्या भागात उसाचं पातं डोळ्याला लागून बुब्बुळावर फूल पडणं नेहमीचं. माझ्या चुलत्यांना नाटामायसिनचे थेंब तासातासाला घालायला सांगितले होते. बाटली हलवल्याशिवाय घालायचे नाहीत, हेही. मला प्रश्न पडला, एवढं गोळ्या-इंजेक्शनचं औषध असताना थेंबच का?

डॉ_कर्णिका

शिरोळकर, मी डोळ्यांची डॉक्टर नाही, पण एवढं सांगू शकते. बुब्बुळाच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे थेंब ही सरळ वाट. नाटामायसिन न विरघळणारं आहे, तळाशी बसतं, म्हणून बाटली हलवायची. ते कॉर्नियात फार खोल जात नाही. व्होरिकोनॅझोलचे थेंब जास्त खोल जातात. असं असूनही मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या शाखांमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाटामायसिन सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियम बुरशीत. पोचणं गरजेचं आहे, पण पोचलेल्या औषधाने ती बुरशी मरायलाही हवी. पातं लागल्यावर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब मात्र आणू नका, त्याने डोळे जातात.

नखुर्डं

धागा गंभीर आहे, माझा प्रश्न साधा. पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय. टर्बिनाफिन तीन महिने घेतलं, संपून महिना झाला, नख अजून तसंच. औषध लागलं नाही का? आणि दुकानदार म्हणतो इट्राकोनॅझोल घ्या, सगळे एकच.

त्वचा_आणि_मी

नखुर्डं, बहुधा लागलंय. टर्बिनाफिन चरबीत विरघळणारं आहे, ते त्वचेच्या वरच्या थरात, त्वचेच्या तेलात आणि नखात जमतं आणि गोळी थांबल्यावरही नखात आठवड्यांनी टिकतं. पण आधीच खराब झालेलं नख औषधाने सुधारत नाही, ते वाढून पुढे सरकून कापलंच जावं लागतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. मुळाशी, चामडीलगत, स्वच्छ गुलाबी पट्टी दिसतेय का बघा. दिसत असेल तर वाट बघा. नसेल तर नखाचा तुकडा तपासायला द्या. सगळी जाड नखं बुरशीची नसतात.

इट्राकोनॅझोल वेगळं आहे. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, जठरातलं आम्ल असेल तरच ती विरघळते. सोबत पॅन्टोप्राझोल किंवा अँटासिड चालू असेल तर शोषण घसरतं. माझ्याकडे येणाऱ्या 'औषध लागत नाही' म्हणणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो. कॅप्सूल उघडली तर आत पांढरे दाणे असतात. साखरेच्या गाभ्यावर औषधाचा थर असतो. थर किती एकसारखा बसलाय यावर पुढचं सगळं अवलंबून, आणि त्यात ब्रँडनुसार फरक पडतो. हल्ली 'सुपर बायोअव्हेलेबल' नावाने जी इट्राकोनॅझोल येते, तिचं शोषण जेवणावर आणि आम्लावर कमी अवलंबून असतं, म्हणून तिचा डोस मिलिग्रॅममध्ये कमी असतो. तिच्या गोळ्या साध्या कॅप्सूलशी एकास एक बदलायच्या नाहीत.

गजकर्ण पुन्हा पुन्हा येतंय म्हणून तीन-चार औषधं एकत्र असलेली क्रीम लावणाऱ्यांना कळकळीची विनंती, ती थांबवा. त्यातल्या स्टेरॉइडमुळे खाज जाते आणि बुरशी पसरते. टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आता आपल्याकडे सर्रास दिसते. तिथे औषध त्वचेत व्यवस्थित पोचतं, बुरशीच्या ज्या एन्झाइमवर ते काम करतं ते एन्झाइमच बदललेलं असतं.

विदर्भवासी

डॉ_कर्णिका, काळ्या ऊतीबद्दल आज पहिल्यांदा नीट समजलं. त्या वेळी ऑपरेशनला होकार देताना घरात फार भांडणं झाली होती. आईला हा प्रतिसाद वाचून दाखवला.

एक शेवटचं विचारतो. इंजेक्शन संपल्यावर वडिलांना पोसाकोनॅझोल होतं. आधी पातळ औषध, मग गोळ्या. दोन्हींचे मिलिग्रॅम वेगळे, वेळा वेगळ्या. तेव्हा वाटलं कुणीतरी चुकलं. आता ओळखीतल्या एका पेशंटलाही तसंच लिहून दिलंय.

कुपी_मात्रा

चुकलेलं नाही. पोसाकोनॅझोलच्या सस्पेन्शनचं (पातळ औषधाचं) शोषण जेवणावर अवलंबून असतं. तूप-तेल असलेल्या भरपेट जेवणाबरोबर घेतलं तर रक्तात चढतं, म्युकरच्या पेशंटचं तोंड आलेलं असलं, जेवण जात नसलं, जुलाब होत असले की पातळी पडते. एका वेळी जास्त घेऊनही फायदा नाही, म्हणून डोस दिवसात विभागून देतात. उशिरा विरघळणारी गोळी आतड्यात सुटते, तिचं शोषण भरवशाचं. पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग रोज एकदा, असा तिचा नेहमीचा डोस. गोळी फोडायची किंवा चावायची नाही. दोन्हींचे आकडे एकमेकांत बदलायचे नाहीत, आणि ओळखीतल्या पेशंटच्या चिठ्ठीवर 'सस्पेन्शन' की 'टॅब्लेट' ते स्पष्ट लिहिलंय का, हे आजच बघायला सांगा. सस्पेन्शन असेल तर अॅसिडिटीची गोळी चालू आहे का तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या पेशंटला गोळी गिळता येतेय का?

विदर्भवासी

येतेय. जेवण कमी आहे, आणि पॅन्टोप्राझोल रोज चालू आहे. चिठ्ठीवर सस्पेन्शन लिहिलंय. उद्या सकाळी ओपीडीत सोबत जातोय.